फक्त एमएम इनपुट असलेल्या ॲम्पला कोणतं कार्ट्रिज?

कर्वेनगरकर:
जुना इंटिग्रेटेड ॲम्प आहे. फोनो (टर्नटेबलचं) इनपुट एमएमचं, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजसाठीचं (कार्ट्रिज म्हणजे सुई धरून तिच्या थरथरीचा सिग्नल करणारा भाग): ४७ किलोओम, २२० पिकोफॅराड. टोनआर्म (कार्ट्रिजचा दांडा) हलका, हेडशेल (दांड्याचं टोक, ज्यात कार्ट्रिज बसतं) सुटं होणारं. डेनॉन डीएल-१०३ घ्यावं की ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई? जुन्या बाजारातल्या नाट्यपदांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्याही वाजवायच्यात.

खरखर:
डीएल-१०३ नको, ते एमसी (मूव्हिंग कॉइल) जातीचं. त्याचं आउटपुट ०.३ मिलिव्होल्ट, व्हीएम९५ईचं ४. फरक २२ डेसिबलचा! व्हॉल्यूम पिळलात की गाण्याबरोबर घरघरही वर येणार. मध्ये १:१० चा स्टेप-अप (व्होल्टेज वाढवणारा) ट्रान्सफॉर्मर घातला तर ३ मिलिव्होल्ट मिळतात, कार्ट्रिजला लोड ४७० ओमचा दिसतो, तो चालतो. पण डीएल-१०३चा कॉम्प्लायन्स (सुईची लवचीकता) कमी, त्याला जड आर्म लागतो. तुमच्या आर्मवर हा खर्च पाण्यात.

पिकोफॅराड:
सहमत. पण व्हीएम९५ई नुसतं लावून भागणार नाही. त्याला केबल आणि ॲम्प मिळून कपॅसिटन्सचे एकूण १०० ते २०० पिकोफॅराड हवेत. तुमच्या ॲम्पमध्येच २२० आहेत, वर केबलचे शंभरेक. कॉइल ५५० मिलिहेन्रीची, म्हणजे एकूण ३२० पिकोफॅराडवर रेझोनन्स (आवाजाचा अवाजवी उठाव) १२ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. झांजा आणि 'स', 'श' टोचायला लागतात, त्याच्या वरचं सगळं गळतं. लोक मग सुईला दोष देतात.

आधी केबल मोजा. ती ॲम्पमधून काढा, हेडशेलही काढा (कॉइल जोडलेली असली की रीडिंग भलतंच येतं) आणि मल्टिमीटर कपॅसिटन्सवर ठेवून प्लगची मधली पिन ते बाहेरची कडी मोजा. मीटरच्या वायरींचा आकडा वजा करायला विसरू नका. शंभर भरले, तर ॲम्पच्या इनपुटवरचे २२० चे दोन्ही कपॅसिटर काढून ४७ चे टाकून घ्या. दोन्ही चॅनेलला एकच व्हॅल्यू. तापकीर गल्लीत सुटे मिळतील; सिरॅमिक घेतलात तर सी-झीरो-जी (व्हॅल्यू स्थिर राहणारा प्रकार) हेच मागा.

कर्वेनगरकर:
धन्यवाद. आणि ७८ चं?

खरखर:
बॉडी तीच ठेवा, फक्त सुई बदला: व्हीएमएन९५एसपी, ३ मिलची (१ मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ईची बारीक सुई लाखेच्या रुंद खाचेत तळाला टेकते आणि तिथली सगळी घाण वाजवते. ईला वजन २ ग्रॅम, एसपीला बरंच जास्त, तेव्हा सुई बदलली की काउंटरवेट पुन्हा लावायचं. फोनो स्टेजचा आरआयएए कर्व्ह (एलपींसाठीची ठरावीक बास-ट्रेबल दुरुस्ती) या तबकड्यांचा नाही, आवाज दबलेला वाटेल; ट्रेबल थोडा वाढवा. टर्नटेबलला ७८ चा वेग आहे ना, ते मात्र सुई घेण्याआधी बघा.