मतं ३३ टक्के, आमदार ४६. विधानसभेची पद्धत बदलायला नको का?

हिशोबनीस: २०२४ चे आकडे बघा. काँग्रेस, ठाकरे गट, शरद पवार गट, तिघांची मतं मिळून ३३ टक्क्यांच्या वर आणि आमदार २८८ पैकी ४६. समोर भाजप, शिंदे, अजितदादा मिळून ४८ टक्के आणि आमदार २३०! कोण चांगलं कोण वाईट ते सोडा, उद्या उलटंही होईल, पण विरोधी पक्षनेतेपदाला प्रथेने लागतात ते २९ आमदारही एका पक्षाकडे नाहीत हे जरा अतीच झालं. माझं म्हणणं, काही जागा पक्षाला राज्यभर पडलेल्या मतांच्या प्रमाणात द्या. दोन मतं, एक आमदाराला एक पक्षाला. जर्मनीतल्या बऱ्याच राज्यांत असंच चालतं. आपल्या लॉ कमिशननेही १९९९ ला २५ टक्के जादा जागा पक्षांनी दिलेल्या उमेदवारांच्या यादीतून भरा असं सुचवलं होतं, पुढे काही हललं नाही.

साताऱ्याचा गडी: हरलं की पद्धत वाईट, जिंकलं की जनतेचा कौल 😀 मालेगाव मध्यला १६२ मतांनी निकाल लागला, साकोलीत २०८ नी. थोडक्यात गेलं तरी गेलं, नियम सगळ्यांना आधीच माहीत होता ना राव? आणि टक्केवारीचं म्हणाल तर शरद पवार गटाने ८६ लढवल्या, दादांनी ५९. जास्त लढवल्या की टक्का फुगणारच.

हिशोबनीस: म्हणून तर एकेक पक्ष न घेता आख्खी आघाडी विरुद्ध आख्खी युती धरलीये मी.

चिंचवडकर: तुमचं यादी-बिदी नंतर, आधी मतदारसंघ सारखे करा. आमच्याकडे सहा लाखांवर मतदार, तिकडे वडाळ्याला दोन लाखांच्या आसपास, आमदार दोन्हीकडे एकच. म्हणजे माझं मत वडाळेकराच्या एक तृतीयांश! सीमा अजून २००१ च्या जनगणनेवर आहेत, तेव्हा इथे निम्म्या सोसायट्या नव्हत्याच.

वऱ्हाडी: भाऊ, लोकसंख्येवरच वाटणार असाल तर सगळ्या जागा पुणे-ठाण्यालाच जातील, मग विदर्भाने काय करायचं? आमच्याकडे आमदाराला तालुकाभर फिरायला दिवस पुरत नाही अन् तुम्ही त्या जागा पण कमी करा म्हणता.

सदाशिव: यादीवाला आमदार कुणाला उत्तर देणार हे सांगा ना आधी. २०१७ ला पुण्यात चार नगरसेवकांचा प्रभाग केला, ड्रेनेज तुंबलं की अ जागेचा नगरसेवक म्हणतो ब ला विचारा, ब म्हणतो ते क च्या बजेटमधलं. त्यापेक्षा पसंतीक्रम आणा, विधान परिषदेला आमदार तसंच मतदान करतात की.

साताऱ्याचा गडी: पदवीधर मतदारसंघात तोच पसंतीक्रम आहे मालक. कागदी मतपत्रिका, तिथं दिलेल्या जांभळ्या पेनानेच १, २, ३ लिहायचं, कुणी बरोबरची खूण करतं, कुणी सही ठोकतं, हजारो मतं बाद. डिग्रीवाल्यांची ही तऱ्हा! मोजणी दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते ती वेगळीच.

हिशोबनीस: म्हणूनच म्हणतोय दोन मतं. नंबर लिहायची भानगडच नाही, एक बटण जास्त दाबायचं. आणि मतदारसंघाचा आमदार राहतोच की, त्याला धरा ड्रेनेजसाठी.

साताऱ्याचा गडी: बटण दाबतो हो. पण यादीत पहिलं नाव कुणाच्या पोराचं असणार तेवढं सांगा.