इग्रीजस : स्तुती की शिवी?

नेरूळ : मुलगी जीआरईची, म्हणजे परदेशी विद्यापीठातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेची तयारी करतेय. तिच्या इंग्रजी शब्दयादीत 'इग्रीजस' (egregious) समोर 'उठून दिसणारा' एवढंच आहे. त्यावरून तिनं अर्जात 'माझी इग्रीजस कामगिरी' असं इंग्रजीत लिहिलंय. मला खटकतंय. चालेल का?

घोडबंदर रोड : ताई, अजिबात नको! आजच्या इंग्रजीत इग्रीजस म्हणजे डोळ्यांत खुपेल इतकं वाईट. चूक, खोटेपणा, नियमभंग, अन्याय असल्यांनाच ते विशेषण लागतं. यादी मात्र अगदीच खोटी नाही. लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर, 'ग्रेक्स' म्हणजे कळप. कळपातून उठून दिसणारा तो इग्रीजस. सोळाव्या शतकात इंग्रजीत हा शब्द कौतुकानंही वापरत. बहुधा उपरोधानं वापरता वापरता फिरला. इटालियन पत्रांच्या मायन्यात 'एग्रेजो' अजून मानानंच लिहितात.

लेकीला 'ग्रेक्स'चं सगळं खानदान दाखवा. सोसायटीच्या ओला-सुका कचऱ्याच्या नोटिशीतलं सेग्रिगेशन त्यातलंच, मार्कांचं ॲग्रिगेटही, आणि माणसांत रमणारा तो ग्रिगेरियस. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर तिला हे नवं नाही. 'हृ' धातू एकच, पण प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार किती लांब लांब गेले!

कोपरी : परीक्षा तोंडावर आली की यादीच घोकावी लागते हो. आणि मुळं फसवतात. कळप माहीत असूनही इग्रीजसचा अर्थ उलटाच निघाला ना?

घोडबंदर रोड : मान्य. मूळ आठवणीपुरतं, अर्थ वाक्यातून. तसंही जीआरईतून विरुद्धार्थी शब्द आणि ॲनालॉजीचे (शब्दजोड्यांतलं नातं ओळखायचे) प्रश्न २०११ मध्येच गेले. आता शब्द वाक्यातल्या रिकाम्या जागी बसवायचा असतो, त्यामुळे नुसती यादी तिथंही तोकडी पडते. 'इग्रीजस एरर' अशी जोडीच वहीत लिहायची.

नेरूळ : वाक्य बदललं, आभार. आता ती विचारतेय, मग ब्लेटंट आणि इग्रीजस एकच का?

घोडबंदर रोड : सख्खे शेजारी, पण एक नाहीत. ब्लेटंटमध्ये भर उघडपणावर. तीन हात नाक्याला हवालदारासमोर सिग्नल तोडला तर ते ब्लेटंट, लपवायची तसदीच नाही. इग्रीजसमध्ये भर चूक किती गंभीर त्यावर. वर्षानुवर्षं गुपचूप केलेली अफरातफर उघडकीला आली तर ती इग्रीजस. ब्लेटंट म्हणता येणार नाही.