बाहुला, बिनचेहऱ्याचा माणूस आणि आमचा नातू

खाडीकाठ:
नातू (वय १०) सुट्टीला चिपळुणात आलाय. दिवसभर मोबाइलवर एकच: दोघं पोरगे रात्री पडक्या घरात शिरतात, हातात लुकलुकणारं यंत्र, आणि अंधाराला विचारतात, "इथं कुणी आहे का?" एक टरकतो, दुसरा फिदीफिदी हसतो. परवा त्यात फ्लोरिडातला रॉबर्ट नावाचा, झपाटलेला म्हणतात तो बाहुला निघाला. त्या रात्रीपासून हिची सावंतवाडीची लाकडी ठकी कपाटात, तोंड भिंतीकडे. साठ वर्षं ती शोकेसमध्ये उभी आहे, एकदा हललेली नाही. तर म्हणतो, "आजोबा, तुम्ही तेव्हा झोपलेले असता." वर स्लेंडर मॅन म्हणून कुणी बिनचेहऱ्याचा उंच माणूस जुन्या जर्मन दंतकथेतला, असंही छातीठोक सांगतो. मी स्वतः पिंपळावरच्या मुंजाला टरकायचो, त्यामुळे हसायची सोय नाही. यातलं खरं किती?

ओसरी:
काका, मी मायामीत असते. रॉबर्टला पाहून आलेय. इथल्या 'की वेस्ट' गावच्या फोर्ट ईस्ट मार्टेलो म्युझियममध्ये खलाशाच्या कपड्यात, काचेच्या पेटीत बसलाय. जर्मनीच्या स्टाइफ कंपनीचा, शंभराहून जास्त वर्षांचा. मालक जीन ऑटो चित्रकार होता, १९७४ मध्ये वारला. बाहुला म्युझियमकडे आला १९९४ मध्ये. पण पाहण्यासारखी आहेत ती पत्रं! लोकांनी रॉबर्टला न विचारता त्याचा फोटो काढायचा, मग घरी काही बिनसलं की रॉबर्टला माफीचं पत्र धाडायचं. ती तिथं भिंतीवर लावलीत. आमच्या ह्यांनी रीतसर परवानगी मागून फोटो काढला. परतताना टायर पंक्चर झालाच.

सुतळीबॉम्ब:
स्लेंडर मॅनची तर जन्मतारीखच आहे, १० जून २००९. 'समथिंग ऑफुल' नावाच्या इंटरनेट फोरमवर खोटे भुताटकी फोटो बनवायचा खेळ चालला होता, त्यात एरिक नडसनने दोन काळे-पांढरे फोटो टाकले. जर्मन दंतकथा वगैरे मागाहून चाहत्यांनी जोडली. पण आजोबा, "खोटं आहे रे" म्हणून सोडू नका. २०१४ मध्ये विस्कॉन्सिनात १२ वर्षांच्या दोन मुलींनी याच्यापायी मैत्रिणीला १९ वेळा भोसकलं. पोरगी वाचली. कुणी, कधी, कसं बनवलं ते त्याला बसवून दाखवा.

ते लुकलुकणारं यंत्र चुंबकीय क्षेत्र मोजतं. भिंतीतली वायर, खिशातला फोन, कशानेही पेटतं. आणि ज्यातून 'आत्मे बोलतात' तो डबा म्हणजे भराभर स्टेशनं बदलणारा रेडिओ.

चकलीचा_सोऱ्या:
सिनेमातल्या झपाटलेल्या बाहुलीची मूळ, खरी अ‍ॅनाबेलही दाखवा त्याला. चिंध्यांची, लाल लोकरीचे केस, हसरं तोंड. सिनेमावाल्यांनी तिची चिनी मातीची भयाण बाहुली केली. खरीला कोण घाबरणार!

खाडीकाठ:
ओसरीताई, पंक्चरचं त्याला सांगितलेलं नाही.

सुतळीबॉम्ब, काल रात्री माळ्यावरचा ट्रान्झिस्टर काढला. पडवीतला दिवा घालवला, नातवाला म्हटलं, विचार. त्यानं घाबरत घाबरत विचारलं, "तुझं नाव काय?" मी काटा गरागरा फिरवला. खरखर, खरखर, आणि एकदम खणखणीत आवाज: "सोयाबीन." पोरगा लोळून लोळून हसला.

ठकी आज शोकेसमध्ये परतलीय. तोंड मात्र अजून भिंतीकडेच.