शनिवारचा खेळ 🎲 डंजन्स अँड ड्रॅगन्स (भावंडं + गजूकाका)

सुमित: ताई राग नको मानू, पण खेळातल्या गावावरचा फॉरबिडन्स, म्हंजे रोज टाकाचा राखणीचा मंत्र, तुटला याचं कोनालेच काही नाही का? एकाच जागी सलग 30 दिवस टाकला असता तं कायमचा झाला असता. महिना भरत आला अन् तुम्ही निघाले जत्रेले.

वैशूताई: मी एकटीच नाही गेली. तुझा लढवय्या पयले घोड्यावर बसला होता.

सुमित: माझा लढवय्या मंत्र टाकत नाही न. पुजारीण तू आहे.

बंटी: मंत्राले लागणारा माणकाचा भुगा वाया नाही गेला. तो शेवटच्या दिवशीच खर्ची पडते.

गजूकाका: कोनाच्या वावरात घुसले? झटका मशीन लावा म्हटलं होतं मी.

पल्लवीवैनी: काका, खेळातलं गाव आहे. मुर्दे आले होते.

गजूकाका: हाव का. मंग मशीन नाही चालत 😄

सुमित: 1000 मोहरांचा भुगा होता राजेहो. तिजोरीत आता काय उरलं?

बंटी: भुगा वाया नाही गेला. वर लिहिलं पाह्य.

नीलेशदादा (डीएम, म्हंजे खेळ चालवणारा): बंटी बरोबर सांगून रायला. अन् सुमित, मंत्र असता तरी कोठारातले चोर आत येतच होते. ते माणसं होते. मंत्र टाकताना तुम्ही मुर्दे निवडले, तं मुर्देच भाजतात, दहा बाजूचे 5 फासे टाकून येईल तेवढे. जादूनं एकदम आत टपकता येत नाही कोनालेच, पण पायी चालत कोनी बी येते.

वैशूताई: अन् मंत्रानं गाव बांधलं म्हनतो तं किती बांधलं? 40,000 चौरस फूट. पावणेसदतीस गुंठे. एकर पन होत नाही. विहीर बाहेरच राह्यली.

सुमित: विहीर बाहेर ठेवाचं कोनी ठरवलं?

वैशूताई: तूच. "पयले माझं कोठार आत घ्या."

गजूकाका: मोजणी आणली होती का? मोजणीबिगर धुरा धरला की असंच होते. तुमच्या बापाले विचारा.

वैशूताई: काका, धुऱ्याचा विषय या ग्रुपवर नको. मागच्या पोळ्याले काय झालं माहीत आहे न.

गजूकाका: मी कोनाचं नाव घेतलं का?

रोहन: खेळातल्या मिथ ड्रॅनर शहरासारखा मिथाल, म्हणजे जादूचं मोठं कवच, उभारा ना सरळ. आख्ख्या शहरावर एकच.

नीलेशदादा (डीएम): तो बऱ्याच जादूगारांनी मिळून चढवला, डेल रेकनिंग (खेळातल्या जगाचं कॅलेंडर) 261 मध्ये. तरी 714 ले शहर पडलंच. तुमच्यात मंत्रवाली एक, ते बी जत्रेले जाते.

रोहन: पुण्यातले आमचे डीएम मिथाल उभारू देतात.

वैशूताई: मंग पुण्यातच खेळ बाप्पा.

बंटी: म्हंजे तोच भुगा परत चालते. नवीन घ्याची गरज नाही.

सुमित: बंट्या, समजलं बे!!

पल्लवीवैनी: शनिवारी कोणाकडे आहे? आमच्याकडे कापूस भरला आहे, बसायला जागा नाही.

वैशूताई: आमच्याकडे या. अन् ऐका, उद्यापासून नवीन मोजते, दिवस एकपासून. यावेळी विहिरीपासून सुरू.

सुमित: अन् कोठार?

वैशूताई: गुंठे उरले तं पाहू.