मदत हवी आहे: बाभळीची गाठ लेथवर शेवटच्या घडीला फुटते

नमस्कार मंडळी. बेळगावात घरच्या, लाकूड कातायच्या छोट्या लेथवर गळाच्या रॉडसाठी, रीळ बसतं ती लाकडी नळी काढतोय. लांबी ९० मिमी, बाहेरचा व्यास १७, आतलं भोक १० मिमी. म्हणजे भिंत जेमतेम साडेतीन मिमीची.

सरळ रेषांची शिसवी विनातक्रार उतरते. पण खरी शोभा बाभळीच्या गाठीत, आणि तीच दगा देते. व्यास १९ च्या खाली आला की गाठीभोवतालची चकती अख्खी उचकटून येते, बहुतेक वेळा टोकाकडच्या बोटभर भागात.

भोक आधीच पाडतो आणि दोन्ही टोकांना शंकू लावून फिरवतो, त्यामुळं भोक मध्यातून सरकायचा प्रश्न नाही. हत्यार दगडावर लावून घेतो, काप अगदी बारीक. चिरांत पातळ सुपरग्लू सोडून पाहिला. तो वरवरच मुरतो, खाली पुन्हा कोरडं लाकूड. शेवटचा मिलिमीटर नुसत्या पॉलिश पेपरनं काढला, तर मऊ भाग खोल जातो आणि गाठ वर राहते.

लाकूड वाळलेलं आहे. लाकडातली हवा खेचून त्यात रेझिन (नंतर घट्ट होणारा पातळ द्रव) मुरवायचा विचार आहे, पण त्यासाठी व्हॅक्यूम पंप नाही, नवा घेण्याइतकं बजेटही नाही. तयार रेझिन भरलेले ठोकळे मिळतात हे ठाऊक आहे, पण लाकूड इथलंच हवंय. रॉड हिडकल धरणावर, पावसाळ्यातही वापरायचा आहे, त्यामुळं नळी फुगून तिच्यावरची, रीळ धरणारी धातूची कडी अडकता कामा नये.

जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरनं केलेल्या व्हॅक्यूमवर बाभळीत रेझिन गाभ्यापर्यंत उतरतं का? आणि भोक रेझिन भरण्याआधी पाडायचं की नंतर?