मेल सर्व्हर कंटेनरमध्ये चालवा, पण साठा कशाला वाटून ठेवता?

पोस्टमास्तर

दीड-दोनशे खात्यांच्या मेलसाठी हल्ली थेट कुबरनेटीस (अनेक मशीनवर कंटेनर, म्हणजे वेगळ्या डब्यात बंद केलेले प्रोग्राम, चालवणारी यंत्रणा) उभं राहतं. त्यावर अपाची जेम्स या मेल सर्व्हरची वितरित (अनेक मशीनवर पसरलेली) आवृत्ती, तिच्यामागे कॅसांड्रा हा डेटाबेस, शोधासाठी ओपनसर्च, निरोपांच्या रांगेसाठी रॅबिटएमक्यू आणि मेलचा मजकूर ठेवायला एस-३ धाटणीचा ऑब्जेक्ट साठा. एक मेल पोचवायला एवढ्या सगळ्या यंत्रणा धडधाकट असाव्या लागतात. माझं मत स्पष्ट आहे: बहुतेकांना याची गरज नाही.

कंटेनरला माझी ना नाही. मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स ३.४ आवृत्तीपासून लॉग (कामाच्या नोंदी) थेट स्टँडर्ड आउटपुटवर देतं. मेल साठवून वाचायला देणारं डोव्हकॉट वेगळ्या कंटेनरात, स्पॅम गाळणारं आरस्पॅमडी तिसऱ्यात, सगळं सेटिंग गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात). मशीन बदललं तरी मांडणी तीच. आक्षेप आहे तो मेलचा साठा तीन नोडवर (मशीनवर) पसरवण्याला. एसएमटीपी, म्हणजे मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पोचवण्याची पद्धत, मुळातच सोशिक आहे. समोरचा सर्व्हर उचलत नसेल तर पाठवणारा मेल क्यूत (रांगेत) ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. आरएफसी ५३२१ या एसएमटीपीच्या मानकाप्रमाणे साधारण किमान चार-पाच दिवस तरी, आणि पोस्टफिक्सचं डिफॉल्टही ५ दिवसच. रात्री दोन तास बंद पडलात तर मेल उशिरा येतो, हरवत नाही.

चौथा_नोड

असहमत. हरवत नाही हे मान्य, पण त्या दोन तासांत जुने मेल वाचता येत नाहीत त्याचं काय? आयमॅप (सर्व्हरवरचे मेल वाचायची पद्धत) बंद म्हणजे लोकांचं सगळं दप्तर बंद. पासवर्ड बदलायची लिंक दोन तासांनी आली तर तोवर ती बाद झालेली असते. आणि दोन तास हा अंदाजही फार आशावादी आहे. डिस्क गेली आणि मेलडिरच्या (प्रत्येक मेल वेगळ्या फायलीत ठेवणाऱ्या मांडणीच्या) लाखो बारक्या फायली बॅकअपमधून परत आणायच्या झाल्या, तर अख्खा दिवस त्यात जाऊ शकतो.

दुसरं म्हणजे डोव्हकॉट २.४ मधून रेप्लिकेशन (दोन सर्व्हरवर सारखी नक्कल) आणि डायरेक्टर (प्रत्येक वापरणाऱ्याला ठरलेल्या सर्व्हरकडे वळवणारा भाग) दोन्ही काढून टाकलेत. दोन सर्व्हर एकमेकांशी जुळवून ठेवायची जी साधी सोय होती ती नव्या आवृत्तीत नाही. मग एक तर खाली डिस्कच्या थरावर नक्कल ठेवा, नाहीतर जेम्स किंवा स्टॉलवर्ट या दुसऱ्या मेल सर्व्हरकडे वळा. मी दुसरा पर्याय निवडतो, कारण त्यात भरदिवसा एक नोड काढून त्याचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बदलता येतो.

पोस्टमास्तर

नोड काढता येतो, पण किंमत मोजून. आयमॅपमध्ये प्रत्येक मेलला यूआयडी क्रमांक असतो आणि एका फोल्डरात तो चढताच राहिला पाहिजे. दोन नोडवर एकाच क्षणी मेल आले तर पुढचा क्रमांक कुणाला द्यायचा? जेम्स त्यासाठी कॅसांड्राचे पॅक्सॉस या एकमत ठरवण्याच्या पद्धतीवर आधारलेले व्यवहार वापरतं. म्हणजे प्रत्येक मेलमागे नोडांची आपसात विचारणा. एका डिस्कवर हा प्रश्न एका लॉकने (एका वेळी एकालाच लिहू देणाऱ्या कुलुपाने) सुटतो.

आणि कॅसांड्रात पुसलेल्या नोंदीची खूण डिफॉल्टने १० दिवस टिकते. बंद पडलेल्या नोडला ती खूण मिळाली नाही आणि त्या मुदतीत रिपेअर (नोडांमधला फरक मिटवणारी जुळवणी) झालं नाही, तर पुसलेली नोंद पुन्हा उगवू शकते. कायमचा काढून टाकलेला मेल परत दिसला तर वापरणाऱ्याला काय उत्तर देणार?

पोर्ट_पंचवीस

तुम्ही दोघं साठ्यावरून भांडताय, पण कंटेनरातला मेल सर्व्हर पहिला मार खातो तो नेटवर्कवर. एका ठिकाणी पाहिलेला प्रकार सांगतो. कुबरनेटीस बाहेरून आलेलं कनेक्शन आत ढकलताना त्याचा मूळ पत्ता बदलत होतं, त्यामुळे पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये जगातला प्रत्येक पाठवणारा १० ने सुरू होणाऱ्या आतल्या पत्त्यावरून आलेला दिसायचा. एसपीएफ तपासणी (हा पत्ता त्या डोमेनच्या वतीने मेल पाठवू शकतो का) निरर्थक, ब्लॉकलिस्ट (बदनाम पत्त्यांची यादी) निकामी. त्यात वेबमेलच्या पॉडला (कुबरनेटीसमधल्या कंटेनरच्या गटाला) पाठवता यावं म्हणून कुणीतरी तीच सगळी रेंज पोस्टफिक्सच्या 'मायनेटवर्क्स' या विश्वासातल्या पत्त्यांच्या यादीत घातलेली. म्हणजे अख्खं जग विश्वासातलं! सर्व्हरचा ओपन रिले झाला, म्हणजे कुणीही त्यातून कुणालाही मेल पाठवू शकत होतं, आणि स्पॅमवाल्यांना तो सापडायला वेळ लागत नाही.

उपाय दोन: कुबरनेटीसमधल्या सर्व्हिसची 'एक्स्टर्नल ट्रॅफिक पॉलिसी' लोकल ठेवा, म्हणजे मूळ पत्ता टिकतो, किंवा पुढे एचएप्रॉक्सी हा मध्यस्थ बसवून मूळ पत्ता कळवणारा प्रॉक्सी प्रोटोकॉल वापरा. पोस्टफिक्सचा पहारेकरी पोस्टस्क्रीन आणि डोव्हकॉट दोघांनाही तो समजतो. मात्र प्रॉक्सीखेरीज कुणालाही तो पोर्ट गाठता येता कामा नये, नाहीतर हवा तो पत्ता सांगून कुणीही आत येईल.

बाहेर जाणाऱ्या मेलचं तर आणखी अवघड. पॉड ज्या नोडवर बसेल त्याच्या आयपीवरून मेल निघतो. एसपीएफमध्ये तो आयपी नाही, पीटीआर नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) जुळत नाही, की मेल स्पॅममध्ये. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने या अटी अजून कडक केल्यात. म्हणून पाठवणारा पोस्टफिक्स एकाच ठरलेल्या आयपीला बांधावा. इथे 'वितरित' हा शब्दच नको.

चौथा_नोड

आयपीबद्दल पूर्ण सहमत. फक्त एक भर. क्यूसाठी कायमस्वरूपी व्हॉल्यूम (डिस्कची जागा) लावा, आणि दोन पॉडना एकच क्यू देऊ नका. पोस्टफिक्सने '२५०' (मेल स्वीकारला) म्हटलं की त्या मेलची जबाबदारी आपली. पॉड उडाला आणि क्यू तात्पुरत्या जागेत असली, तर तो मेल कायमचा गेला. पाठवणाऱ्याला वाटतं पोचला, त्याला बाउन्सही (न पोचल्याची सूचना) जात नाही. पोस्टमास्तर, तुमची 'हरवत नाही' ही हमी इथे संपते, आणि ती एका नोडवरही संपते.

रिपेअरचं म्हणाल तर ते आठवड्याला आपोआप चालवायचं आणि चुकलं तर अलार्म. ते जमणार नसेल त्याने कॅसांड्राला हात लावू नये, हे मीही म्हणतो.

पोस्टमास्तर

क्यूचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझी मांडणीही तीच: क्यू आणि साठा दोन्ही कायमच्या व्हॉल्यूमवर, खाली ब्लॉक पातळीवर दुसऱ्या मशीनवर नक्कल, आणि रोजचा बॅकअप वेगळा. तो वेगळाच लागतो, कारण कुणी चुकून फोल्डर उडवला तर तुमच्या तीनही नोडवरून तो तितक्याच तत्परतेने उडतो. तुमच्या रचनेत कॅसांड्रा आणि ऑब्जेक्ट साठा एकाच क्षणाच्या स्थितीला कसे परत आणता, ते सविस्तर लिहा. माझ्याकडे त्यासाठी एक स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) पुरतो.