मुंबईहून क्रूझ: गुडघे दुखणारी आई आणि दोन लहान मुलं, जमेल का?

खामलाकर
डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईहून क्रूझ करायची आहे. गोवा की लक्षद्वीप, ठरत नाही. आई-बाबा सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात. मुलं ८ आणि ४ वर्षांची. केबिन कुठली घ्यावी? मुलांना बोट लागली तर?

धरमपेठ_४४
आईंचे गुडघे दुखतात, तर लक्षद्वीप नको भाऊ, गोवा-कोची क्रूझ बघा. गोव्यात मुरगावला आणि कोचीला जहाज थेट धक्क्याला लागतं, आरामात उतरता येतं. लक्षद्वीपला मोठं जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर नांगर टाकतं आणि लहान बोटीत उतरावं लागतं. ती बोट लाटेसोबत वरखाली होत राहते, नेमक्या क्षणी पाय टाकावा लागतो. समुद्र खवळला की उतरणंच रद्द. शिवाय प्रवेश परवान्याचे कागद वेगळे.

आणि जमलं तर जानेवारी धरा. नाताळात भाडं चढलेलं असतं. डिसेंबरच्या सुरुवातीला तर वादळाचीही धास्ती. २०१७ चं ओखी त्याच दिवसांत लक्षद्वीपवर आलं होतं.

सदर_बाजार
केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या. टोकाला आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे जास्त जाणवतात. बुक करण्याआधी नकाशा मागून लिफ्ट किती लांब आहे ते बघा. बऱ्याच केबिनमध्ये बाथरूमला उंच उंबरा असतो. रात्री अंधारात आईंचा पाय तिथेच अडखळेल, म्हणून बाथरूमचा दिवा चालू ठेवा.

बोट लागण्याची गोळी मळमळ सुरू झाल्यावर फारशी उपयोगी पडत नाही, तासभर आधी घ्यावी लागते. त्यातल्या प्रोमेथाझिन या औषधाने गुंगी येते, त्यामुळे आई-बाबांना आणि मुलांना डॉक्टरांना विचारूनच द्या. उलटीसारखं वाटलं की मुलांना मोकळ्या डेकवर नेऊन क्षितिजाकडे बघायला लावा. बंद केबिनमध्ये मोबाईल दिला की त्रास वाढतो.

अजनी_वाला
जहाज सुटायच्या दिवशी पोहोचायचा हिशोब ठेवूच नका. गेट आधीच बंद होतं आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. आदल्या रात्री नागपूरहून दुरांतो धरली तर सकाळी सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पियरचा क्रूझ धक्का टॅक्सीने जवळच. पण गाडीला उशीर झाला तर सगळंच गेलं, म्हणून एक मुक्काम मुंबईत करा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. आई-बाबांचं तिकीट वेगळं काढा. सहा जणांच्या एकाच तिकिटावर ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा लागत नाही.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि केबिनमध्ये काही तासांनी पोहोचतात. औषधं, सगळ्यांचे मूळ ओळखपत्र आणि मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा.

खामलाकर
गोवा-कोची पक्कं. घरचा चिवडा, लाडू नेता येतील? आणि फोनचं काय?

अजनी_वाला
घरचं खाणं बहुतेक जहाजांवर चालत नाही, केटली आणि इस्त्रीही काढून घेतात. किनारा सुटला की फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो आणि बिल भरमसाठ येतं.